नवा सेन्सर जोडला की रीडिंग नाचतं: कोणाच्या तालावर, ते आधी बघा

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. रेसकारच्या डेटा लॉगरला (सगळ्या सेन्सरची रीडिंग नोंदवून ठेवणाऱ्या डब्याला) नवा सेन्सर जोडला, पिटमध्ये गाडी उभी असताना आकडे अगदी शहाण्यासारखे. गाडी ट्रॅकवर जाऊन आली, लॅपटॉप लावून आलेख उघडला, तर भलतंच काहीतरी. मग कोणीतरी वायर हलवतं, कनेक्टर काढून परत बसवतं, रीडिंग सुधारतं आणि सगळे जेवायला जातात. दोन सेशननंतर पुन्हा तेच. शेवटी सेन्सर बदलला जातो आणि नवा सेन्सरही तोच तमाशा दाखवतो.

माझ्या हातून अशा बऱ्याच गाड्या गेल्या आहेत आणि खरोखर बिघडलेला सेन्सर त्यात क्वचित निघाला. सेन्सर बिचारा जे दिसतं ते सांगत असतो. गोंधळ असतो तो त्याच्या आणि लॉगरच्या मधल्या दीड-दोन मीटरमध्ये. त्यामुळे पाना उचलण्याआधी मी एकच गोष्ट करतो: बिघडलेलं चॅनेल (म्हणजे एका सेन्सरची नोंद) आणि बाकीची सगळी चॅनेल एकाखाली एक लावतो आणि बघतो की हे रीडिंग नक्की कोणाच्या तालावर नाचतंय. ज्याचा त्याच्याशी काही संबंध असायला नको, त्याच्याबरोबर ते हलत असेल, तर दोषाचा पत्ता मिळालाच म्हणायचा.

हे मी शिकलो ते स्वतःच्याच आळसातून. तो किस्सा सविस्तर सांगतो, कारण निम्म्या केसेस याच जातीच्या असतात.

गाडीला ऑइल प्रेशरचा सेन्सर बसवायचा होता. नेहमीचा तीन वायरींचा: ५ व्होल्ट सप्लाय, सिग्नल आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वायर. रेंज ० ते १० बार, आउटपुट ०.५ ते ४.५ व्होल्ट. म्हणजे व्होल्टमधून ०.५ वजा करायचे, २.५ ने गुणायचं, झाले बार. सप्लाय आणि सिग्नलसाठी लूममध्ये (गाडीच्या वायरींच्या गुंडाळलेल्या जुडग्यात) दोन मोकळ्या वायरी होत्या. अर्थसाठी तिसरी नव्हती. ती लॉगरपर्यंत ओढायची तर अख्ख्या लूमचं आवरण सोलावं लागलं असतं. सेन्सरपासून वीतभर अंतरावर चॅसिसला एक बोल्ट होता, त्यावर आधीच दोन थिंबल (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) बसवलेले होते. मी तिसरा चढवला. अर्थ तो अर्थ, इथला काय आणि तिथला काय!

संध्याकाळी इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि ऑइल प्रेशर ०.३६ बार. बंद इंजिनात प्रेशर कुठून येणार? मी म्हटलं, सेन्सरचा शून्य थोडा सरकलेला असेल. सॉफ्टवेअरमध्ये उणे ०.३६ चा ऑफसेट टाकला, आकडा शून्यावर आला, मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी गाडी सरळ रस्त्यावर वेगात असताना ड्रायव्हरच्या डॅशवर लो प्रेशरचा लाल दिवा लागला आणि त्याने इंजिन बंद करून गाडी बाजूला घेतली. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. त्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आलेख एकाखाली एक लावल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. रेडिएटरचा फॅन चालू झाला की ऑइल प्रेशर टुणकन वर, फॅन बंद झाला की त्याच क्षणी खाली. खरं ऑइल प्रेशर असं उभ्या भिंतीसारखं चढत नाही. आदल्या संध्याकाळी इंजिन गरम होतं आणि फॅन चालू होता, म्हणून ०.३६ दिसत होतं. ट्रॅकवर वेगात समोरून हवा मिळते, फॅन बंद असतो. तेव्हा रीडिंग मुळात बरोबर होतं, आणि माझ्या ऑफसेटने ते खोटं खाली ओढलं होतं.

झालं होतं असं. त्याच बोल्टवर फॅनची अर्थ वायर होती. फॅन साधारण १६ अँपिअर ओढतो. थिंबलखाली चॅसिसचा रंग पूर्ण खरवडलेला नव्हता, त्यामुळे बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतच्या वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा होता. १६ गुणिले ०.०१, म्हणजे ०.१६ व्होल्ट. फॅन चालू असताना तो बोल्ट लॉगरच्या अर्थपेक्षा ०.१६ व्होल्ट वर उचलला जात होता आणि सेन्सर त्याच्याच खांद्यावर बसलेला.

इथे एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्या. ही चूक सगळीकडे सारखी नसते. सेन्सरला सप्लाय लॉगरकडून ५ व्होल्टच येतोय, पण त्याचा अर्थ वर उचलला गेल्याने त्याला प्रत्यक्षात ४.८४ व्होल्टच मिळतात. असे सेन्सर सप्लायच्या प्रमाणात आउटपुट देतात. शून्य बारला तो सप्लायचा दहावा भाग देतो: ०.४८४, अधिक उचललेले ०.१६, मिळून ०.६४४ व्होल्ट. लॉगरने ते ०.३६ बार वाचलं. ४ बारला हाच हिशेब करा, चूक ०.२३ बारवर येते. १० बारला तर फक्त ०.०४. म्हणजे प्रेशर जितकं कमी, तितकी चूक मोठी, आणि तीही वरच्या दिशेने. तेल एका बाजूला सरून प्रेशर पडतं, तेव्हाच रीडिंग सर्वांत जास्त गोड बोलतं. खरं १.२ बार असताना पडद्यावर १.५२ दिसतं. एकच आकडा वजा करून हे सुधारणारच नाही, कारण वजा करायचा आकडा दर क्षणी वेगळा आहे.

त्या बोल्टखालचा रंग मी पॉलिश पेपरने घासला, रीडिंग सुधारलं. पण पुढच्या काही सेशनांत ते हळूहळू परत बिघडलं. कंपनाने बोल्ट ढिला होतो, ओल आणि मळ शिरतो, अडथळा वाढतो. ‘वायर हलवली की बरं होतं’ या रोगाचं मूळ बहुतेक वेळा हेच. कायमचा उपाय एकच: सेन्सरचा अर्थ लॉगरच्या सेन्सर-अर्थ पिनलाच न्यायचा. फॅन, फ्युएल पंप, स्टार्टर, इग्निशन कॉइल यांच्या वाटेशी त्याचा संबंध येऊ द्यायचा नाही. लूमचं आवरण सोलावं लागलं तर सोलायचं. मी ते शेवटी सोललंच, फक्त तीन आठवडे उशिरा आणि बोलणी खाऊन.

तपासणी करताना मल्टिमीटर ओहमवर लावू नका, हे मुद्दाम सांगतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळाच ०.२-०.३ ओहम असतो, त्यात ०.०१ काय दिसणार? बझर वाजतो, आपण समाधानी होतो, दोष तिथेच राहतो. त्याऐवजी मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब लॉगरच्या अर्थ पिनवर, लाल प्रोब सेन्सरच्या कनेक्टरमधल्या अर्थ पिनवर. आता एकेक लोड चालू करा: फॅन, पंप, दिवे, मग इंजिन. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. आकडा फॅनबरोबर उडी मारत असेल तर अजून शोधायची गरज नाही.

आता बाकीचे ताल.

पाच व्होल्टवरचे सगळेच सेन्सर एकदम झुकत असतील, म्हणजे ब्रेक प्रेशर, थ्रॉटल, डॅम्परचे पोटेन्शिओमीटर (सस्पेन्शनची हालचाल मोजणारे), सगळे एकाच क्षणी, तर नव्या सेन्सरने सप्लाय खाल्लेला आहे. लॉगरचा ५ व्होल्टचा आउटपुट ठरावीक मिलिअँपिअरपर्यंतच असतो आणि सगळ्या सेन्सरमध्ये मिळून वाटला जातो. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, फक्त बेरीज कोणी करत नाही. दुसरी शक्यता म्हणजे नव्या सेन्सरच्या वायरीचं आवरण कुठेतरी धारेवर घासून सप्लाय अधूनमधून चॅसिसला टेकतोय. सवय म्हणून ५ व्होल्टची लाइन स्वतःच एक चॅनेल म्हणून नोंदवा, शेजारी बॅटरी व्होल्टेजही. ही दोन चॅनेल नसताना असा दोष शोधणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

रीडिंग क्षणभर उणे १.२५ बार किंवा ११.२५ बार दाखवून परत येत असेल, तर ते प्रेशर नव्हे, तुटलेली वायर आहे. ०.५ ते ४.५ ची रेंज याचसाठी ठेवलेली असते: सिग्नल ० व्होल्टला पडला तर हिशेबाने उणे १.२५ येतात, ५ व्होल्टला चिकटला तर ११.२५. दोन्ही अशक्य आकडे आहेत, आणि अशक्य आकडा हा सेन्सरने दिलेला निरोप असतो. असे खड्डे कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) जाताना किंवा गियर बदलताना येत असतील तर क्रिंप, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेले धातूचे जोड, तपासा. प्रत्येक वायर हाताने घट्ट ओढून बघायची. क्रिंपमधून सुटली तर बरंच झालं, ट्रॅकवर सुटण्यापेक्षा इथे सुटली.

याच जागी सोल्डरबद्दल दोन शब्द. सोल्डर केलेला जोड मजबूत वाटतो, पण सोल्डर वायरीच्या तारांमध्ये आत चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा कडक होतो. कंपनाने वायर त्या कडक भागाच्या टोकालाच तुटते, आवरण मात्र शाबूत. बाहेरून काहीच कळत नाही. चांगल्या हत्याराने केलेलं क्रिंप आणि त्यामागे वायरला आधार, एवढंच मी आता करतो.

असा तुटक दोष पकडताना मीटरकडे बघत वायर हलवू नका. मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदा बदलतो, दहा मिलिसेकंदांचा खंड त्याला दिसत नाही. लॉगरलाच कामाला लावा: ते चॅनेल ५०० हर्ट्झला (सेकंदाला ५०० नोंदी) नोंदवायला ठेवा आणि लूमचा एकेक वीतभर भाग हलवत पुढे सरका. कुठला भाग कधी हलवला ते मोठ्याने बोलत फोनवर रेकॉर्ड करा. आजूबाजूचे हसतात, हसू द्या.

तापमानाच्या सेन्सरची गोष्ट निराळी आणि जास्त घातक, कारण तिथे नवं चॅनेल बरं दिसतं आणि जुनं बिघडतं. ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, पाण्याच्या तापमानाचा दोन वायरींचा सेन्सर आहेच, त्याच्याच सिग्नल वायरीला टॅप मारून लॉगरला दिलं की झालं, असं वाटतं. हा सेन्सर म्हणजे तापमानाबरोबर कमी होणारा रेझिस्टन्स. ईसीयूच्या आत त्याला ५ व्होल्टकडे ओढणारा एक पुल-अप रेझिस्टर असतो. लॉगरच्या तापमान इनपुटमध्येही तसाच एक असला, तर आता दोन पुल-अप समांतर झाले.

समजा दोन्ही १ किलोओहमचे. २० अंशाला सेन्सर २.५ किलोओहम असेल तर ईसीयूला ३.५७ व्होल्ट दिसायला हवेत. दोघांनी मिळून ओढल्यावर दिसतात ४.१७. ईसीयूला वाटतं सेन्सर ५ किलोओहमचा आहे, म्हणजे पाणी जवळजवळ गोठायला आलंय. पाणी खरोखर १०० अंशांवर असताना तो पंचाहत्तरीच्या आसपास समजतो. थंड इंजिन समजून तो जादा पेट्रोल सोडतो, फॅन उशिरा लावतो. आणि लॉगर जोडणारा माणूस शपथेवर सांगतो की मी इंजिनाला हातही लावलेला नाही.

लॉगरचा पुल-अप बंद करता येत असेल तर करा आणि कॅलिब्रेशन ईसीयूच्या पुल-अपप्रमाणे घ्या. माझं मत विचाराल तर टॅप मारूच नका. ईसीयू तेच तापमान कॅन बसवर (गाडीतली मॉड्यूल ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात, तिच्यावर) पाठवत असतो, तिथून घ्या. ते नको असेल तर स्वतंत्र सेन्सर बसवा.

थर्मोकपलला (दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या तापमान सेन्सरला) साध्या तांब्याच्या वायरीने लांबवू नका, त्याच्याच जातीची एक्सटेन्शन वायर वापरा. के प्रकाराचा थर्मोकपल अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्टच देतो. दोन धातूंचा जोड गरम जागी आला की तेवढी चूक थेट रीडिंगमध्ये जाते.

कॅन बसवर सगळंच एकदम गायब होत असेल, म्हणजे एक सेन्सर नव्हे तर डॅश, ईसीयू, सगळीकडचे आकडे थिजत असतील, तर गाडीचा मेन स्विच बंद करा आणि कॅन-हाय व कॅन-लो या बसच्या दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना १२० चे दोन टर्मिनेशन रेझिस्टर समांतर असतात. १२० आले तर एक टोक उघडं आहे. ४० आले तर नव्या मॉड्यूलच्या पोटात तिसरा रेझिस्टर बसून आलाय आणि तुम्ही तो बसच्या मधोमध जोडलाय. गंमत म्हणजे ४० ओहमवरही छोट्या लूमची बस पुष्कळदा चालते. पिटमध्ये चालते, थंड असताना चालते, आणि बरोबर शर्यतीच्या दिवशी चालत नाही. नवं मॉड्यूल मुख्य जोडीपासून लांब फाटा काढून लटकवू नका. १ मेगाबिट वेगाला फाटा ३० सेंटिमीटरच्या आत हवा.

रेझिस्टन्स बरोबर आहे पण आकडा वेडा आहे, असं असेल तर बाइटचा क्रम बघा (मोठा आकडा दोन तुकड्यांत, म्हणजे दोन बाइटमध्ये जातो). पाठवणाऱ्याने २५८ पाठवले आणि वाचणाऱ्याने बाइट उलटे घेतले तर ५१३ दिसतात. खूण सोपी आहे: खरं मूल्य संथपणे वाढत असताना आलेख २५६-२५६ च्या उड्या मारतो. शून्याखाली जाताना आकडा एकदम ६५ हजारांवर गेला तर उणे चिन्ह वाचायचं राहिलंय. दोन मॉड्यूल एकाच आयडीवर बोलत असतील तर एकच चॅनेल दोन मूल्यांमध्ये आलटूनपालटून फडफडतं. नवं मॉड्यूल लावताना आयडी बदलायची आठवण कोणालाच राहत नाही, मलाही नाही.

कधीकधी दोष कशातच नसतो, फक्त नोंदीचा वेग चुकलेला असतो. डॅम्परचा पोटेन्शिओमीटर १० हर्ट्झला नोंदवला तर आलेख सुरेख गुळगुळीत दिसतो आणि सस्पेन्शनबद्दल काहीही सांगत नाही. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते, म्हणजे दर साडेपाच मीटरला एक नोंद. अख्खा कर्ब मध्येच संपून जातो. २०० हर्ट्झला तेच अंतर २८ सेंटिमीटर होतं. पाण्याचं तापमान मात्र सेकंदाला एकदा नोंदवलं तरी पुरे. तिथला वेग कमी करून मेमरी वाचवा, नाहीतर शेवटच्या लॅप नोंदवल्याच जात नाहीत आणि दोष पुन्हा नव्या सेन्सरच्या माथी.

इंजिन बंद असताना प्रेशर सेन्सर बरोबर १ बार दाखवतोय आणि फॅनशी त्याचं काही देणंघेणं नाही, असं असेल तर तो बिघडलेला नाही. तो निर्वात पोकळीपासून मोजणारा, अ‍ॅब्सोल्यूट प्रकारचा आहे आणि बाहेरच्या हवेचा दाब दाखवतोय. इथे मात्र ऑफसेट टाकायला हरकत नाही. पण टाकताना कारण कॅलिब्रेशनच्या टिपणीत लिहून ठेवा, पुढच्या माणसासाठी. तो पुढचा माणूस बहुधा तुम्हीच असता.

त्या ऑइल प्रेशरच्या गाडीचं राहिलंच. अर्थ लॉगरला नेल्यावर फॅन चालू-बंद करून पाहिलं, रेषा हललीच नाही. पुढच्या सेशनमध्ये, फॅन चालू असतानाच, एका लांब उजव्या वळणावर प्रेशर १.२ बारपर्यंत पडताना स्वच्छ दिसलं. तोच खड्डा जुन्या नोंदींमध्येही होता, पण १.५ च्या वर, म्हणून कोणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडला आणि तेल अडवून धरायला आत बॅफल प्लेट बसवली.